तारा पाहावा, आणि वाचावाही

१८ ऑगस्ट १८६८ रोजी गुंटूर येथे खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सौरज्वालांचा वर्णपट तपासला, तेव्हा त्यांना त्यात तेजस्वी रेषा दिसल्या. त्या वर्षीच्या निरीक्षणांत आढळलेली एक पिवळी रेषा तेव्हा ज्ञात असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. तीच पुढे हेलियमची ओळख ठरली. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा होऊ लागला. असा वारसा असलेल्या देशात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी साहा समीकरण परीक्षेत बिनचूक लिहितो. पण ताऱ्याच्या वर्णपटातली एक रेषाही त्याने अनेकदा स्वतः पाहिलेली नसते.

ही उणीव भरून काढण्यास वेधशाळा लागत नाही. सव्वा इंची फिल्टरसारखे आट्यांनी बसणारे विवर्तन जालक (ग्रेटिंग) पुरेसे आहे. हौशी निरीक्षकांच्या अशा जालकावर मिलिमीटरमागे साधारण १०० रेघा असतात. कॅमेऱ्यापुढे ते बसवले की छायाचित्रात ताऱ्याचा ठिपका आणि त्याच्या बाजूला वर्णपटाची पट्टी उमटते. ठिपक्यापासूनचे अंतर तरंगलांबीच्या जवळजवळ प्रमाणात असते. अभिजितच्या पट्टीतील हायड्रोजनची ४८६ नॅनोमीटरची रेषा ओळखली की मोजपट्टी तयार झाली. मग त्याच मोजपट्टीने काक्षीकडे वळावे: अभिजितच्या ठळक हायड्रोजन रेषांऐवजी तिथे टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद काळे पट्टे दिसतात. एक तारा सुमारे ९,६०० केल्विनचा, दुसरा सुमारे ३,५०० केल्विनचा. तापमान रेषा कशा बदलते, हे विद्यार्थ्याला तेव्हा डोळ्यांनी कळते.

हे खेळणे आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. या जालकाची विभेदनक्षमता कमी असते, हवेच्या थरथरीने रेषा पुसट होतात आणि सामान्य ताऱ्याचा वेग त्यावरून मोजता येत नाही. परंतु अनुराधा नक्षत्रातील डेल्टा वृश्चिक हा तारा २००० साली अनपेक्षितपणे उजळला आणि त्याच्या वर्णपटात हायड्रोजनची तेजस्वी रेषा प्रकटली. अशा ताऱ्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवण्यास मोठ्या दुर्बिणींना सवड नसते. जगभरातील हौशी निरीक्षकांनी नोंदवलेले वर्णपट तिथे संशोधकांच्या कामी येतात. त्यांतले अनेक जण अशाच साध्या जालकापासून सुरुवात करतात.

शहरी प्रकाशात अंधुक तेजोमेघ हरवतात, ठळक ताऱ्यांचे वर्णपट मात्र टिपता येतात. म्हणूनच महाविद्यालयांनी दुर्बिणीची मागणी नोंदवताना जालकाचाही समावेश करावा आणि वर्णपटाचा एक प्रयोग अभ्यासक्रमात सक्तीचा असावा. शनीची कडी दाखवून कुतूहल जागे होते, हे खरेच. पण त्या कुतूहलाच्या हाती मोजपट्टी दिली, तरच प्रेक्षकाचा निरीक्षक होतो.