चार्जरशी बोलण्याची रीत

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावांना अनेक दिवस अंधारात काढावे लागले. अशा प्रसंगी गावात एखाद्याच घरी जनित्र असते. शेजारीपाजारी आपापले फोन घेऊन तेथे जमतात. चार्जर एकाचा, केबल दुसऱ्याची, फोन तिसऱ्याचा. एक फोन झटपट भरतो, दुसरा तासन्‌तास रेंगाळतो. असे का व्हावे? दोन्ही फोनची खाच तर सारखीच, टाइप-सी प्रकारची!

याचे उत्तर असे की, खाच एक असली तरी भाषा एक असेलच असे नाही.

टाइप-सी केबल जोडताच चार्जर आपली सारी शक्ती ओतत नाही. फोनमध्ये ५.१ किलोओहमचा एक रोधक असतो. तो आढळला म्हणजे पलीकडे वीज घेणारे उपकरण आहे हे चार्जरला कळते, आणि मगच तो ५ व्होल्ट दाब देतो. बॅटरी पार संपलेली असली तरी हे घडते. त्यानंतर ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ या प्रमाणित भाषेत बोलणी सुरू होतात. चार्जर आपली यादी सांगतो: ५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ व्होल्टला ३ अँपिअर, इत्यादी. फोन त्यातील एक पर्याय मागतो. चार्जर मान्यता कळवतो, दाब बदलतो आणि ‘तयार’ असा निरोप देतो. तोवर फोनने आपला प्रवाह कमी ठेवायचा असतो. आता गुणाकार करून पाहा. ५ × ३ म्हणजे १५ वॅट, तर ९ × ३ म्हणजे २७ वॅट. केबललाही या बोलण्यांत स्थान आहे. ३ अँपिअरहून अधिक प्रवाह हवा असेल, तर केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी चिप असावी लागते.

फोनच्या वा संगणकाच्या बाजूने ही बोलणी काही यंत्रांत स्वतंत्र चिप करते, तर काहींत ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली करते. ड्रायव्हर म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली आणि एखादा भाग यांच्यामधला दुभाषा. माझ्या मते या दुभाष्याची खरी परीक्षा बोलणी फिसकटतात तेव्हा होते.

एक उदाहरण घेऊ. काही छोट्या संगणकांना बॅटरीच नसते. चार्जरच्या विजेवरच ते चालतात. संगणक सुरू होताना ड्रायव्हर जागा होतो आणि चार्जरच्या यादीची वाट पाहतो. परंतु चार्जरने ती आधीच सांगून टाकलेली असते. यादी आली नाही म्हणून ड्रायव्हरने ‘सारे पहिल्यापासून सुरू करा’ असा कडक आदेश दिला, तर नियमाप्रमाणे चार्जर क्षणभर वीज तोडतो. वीज गेली की संगणक बंद! पुन्हा सुरू होतो, पुन्हा तेच. बसल्या फांदीवर घाव घालण्याचाच हा प्रकार. शहाणा ड्रायव्हर आधी सौम्यपणे विचारतो, ‘यादी पुन्हा सांगता का?’ नाहीच जमले, तर निमूटपणे ५ व्होल्टवर काम चालवतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काही उत्पादक जलद चार्जिंगसाठी स्वतःची खाजगी भाषा वापरतात. परका चार्जर लावला की तो फोन मंद गतीने भरतो. उत्पादक म्हणतात, ‘आमची पद्धत अधिक वेगवान आहे.’ असेल, नव्या पद्धती शोधल्याच पाहिजेत. पण खाजगी भाषेबरोबर सर्वांची भाषाही उत्तम बोलता आलीच पाहिजे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसारख्या उपकरणांना टाइप-सी खाच सक्तीची केली. १५ वॅटहून अधिक शक्तीने भरणाऱ्यांना पॉवर डिलिव्हरीही आवश्यक केली आणि खाजगी पद्धतींना जोडीने राहू दिले. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे मानक जाहीर केले. खाचेच्या एकीनंतर भाषेच्या एकीचा आग्रह आपणही धरावा, असे मला वाटते. वादळानंतरच्या रात्री शेजाऱ्याचा चार्जर पूर्ण उपयोगी पडणे ही चैन नव्हे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातील मुलांना घरच्या चार्जरवरील बारीक अक्षरे उतरवून आणायला सांगा. चार्जर उघडू मात्र नये. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करून तक्ता करा, आणि कोणता चार्जर कोणत्या फोनला किती शक्ती देऊ शकेल यावर चर्चा घडवा. लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीतील अशा ड्रायव्हरची आज्ञावली कोणालाही वाचता येते. तुमच्यापैकी कोणी उद्या ती सुधारीलही. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा: आधी विचारावे, झेपेल तेवढेच मागावे, आणि नाही मिळाले तरी दिवा विझू देऊ नये.