खानदेशचे पाणी आणि येर्गाचेफची कॉफी

जळगावची केळी आणि जळगावची भरताची वांगी यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पिकाची चव वाणाइतकीच माती, हवा आणि पाणी यांवर ठरते, ही खानदेशातील शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक असलेली गोष्ट कायद्याच्या भाषेत नोंदली गेली. कॉफीच्या व्यापारातील ‘सिंगल ओरिजिन’ ही संज्ञा याच विचारावर उभी आहे. ठिकठिकाणच्या बियांची सरमिसळ न करता एकाच देशाच्या, प्रदेशाच्या किंवा मळ्याच्या बिया वेगळ्या राखून विकल्या, म्हणजे ती कॉफी सिंगल ओरिजिन ठरते.

दक्षिण इथिओपियातील गेडेओ भागातले येर्गाचेफ हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. अरेबिका जातीची जन्मभूमी असलेल्या या देशात, सुमारे 1700 ते 2200 मीटर उंचीवर, थंड रात्रींमुळे फळ सावकाश पिकते आणि बी घट्ट भरते. तेथील ‘धुतलेल्या’ कॉफीत, म्हणजे गर काढून, बीवरचा चिकट थर आंबवून सुटा केल्यावर पाण्याने धुऊन वाळवलेल्या बियांत, जाईच्या फुलांचा गंध आणि लिंबासारखी आम्लता जाणवते. सातपुड्यात, खानदेशाच्या पूर्वेला, चिखलदऱ्याच्या सुमारे 1100 मीटर उंचीवर कॉफी पिकते. मात्र दोन-अडीचशे मीटर उंचीवरच्या जळगाव-धुळ्याच्या तापत्या सपाटीवर ती बाहेरूनच आणावी लागते. तरीही पेल्यातल्या काळ्या कॉफीत अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असल्याने, तिच्या चवीत खानदेशाचा वाटा मोठा असतो.

हा वाटा ‘पोअर ओव्हर’ पद्धतीत विशेष उघड होतो. कागदी गाळणीतील कॉफीच्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून अर्क खाली उतरवण्याच्या या पद्धतीला जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांनी 1908 मध्ये कागदी गाळणीचे पेटंट घेऊन पाया घालून दिला. कागद तेल आणि गाळ अडवतो, दूध-साखरेची गरज उरत नाही आणि म्हणूनच बीचे गुण व पाण्याचे दोष दोन्ही लपत नाहीत.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट हे क्षार असतात, व त्यांचे प्रमाण वाढले की त्या पाण्याला जड पाणी म्हणतात. यांपैकी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम माफक प्रमाणात असतील तर स्वाद काढून घेण्यास मदतच करतात. परंतु बायकार्बोनेट कॉफीतील आम्ले मारून टाकते, त्यामुळे ज्या लिंबाच्या चवीसाठी येर्गाचेफची ख्याती आहे तीच नाहीशी होऊन पेय मातकट लागते. उलट, आरओ यंत्रातून जवळजवळ सर्वच क्षार निघून गेले तर कॉफी पातळ आणि बोचरी होते. यावर साधा उपाय असा, की बोअरचे पाणी काही मिनिटे उकळून निवळू द्यावे, तळाशी व कडांना बसलेला पांढरा थर, म्हणजे वेगळा झालेला चुना, न ढवळता वरचे पाणी घ्यावे. किंवा आरओच्या पाण्यात थोडे नळाचे पाणी मिसळून प्रमाण चवीने ठरवावे.

त्यानंतरची कृती सोपी आहे. हलक्या भाजलेल्या 15 ग्रॅम बिया रव्याइतक्या जाडसर दळून, आधी गरम पाण्याने भिजवलेल्या गाळणीत घ्याव्यात. उकळी आलेले पाणी मिनिटभर थांबवून, साधारण 94 अंशांवर, पुडीच्या दुप्पट वजनाइतके ओतावे आणि अर्धा मिनिट थांबावे, कारण भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड या वेळात बाहेर पडतो व पुढचे पाणी सर्वत्र पोहोचते. नंतर संथ धारेने एकूण 250 मिलिलिटरपर्यंत पाणी ओतून तीन मिनिटांच्या आसपास अर्क पूर्ण उतरू द्यावा. फार लवकर उतरला तर दळण बारीक करावे, फार उशीर झाला तर जाड करावे.

महागडी किटली किंवा तराजू घेण्याआधी घरातले पाणी तपासून घेणे अधिक हिताचे आहे, कारण दूरच्या डोंगरात एका शेतकऱ्याने वेचून, आंबवून, वाळवून जपलेली चव जळगाव-धुळ्याच्या घरात पोहोचायची असेल, तर तिच्या वाटेवरची शेवटची जबाबदारी त्या पाण्याची आहे.