दुसरा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे



सोमवारी सकाळी ऑफिसात आलात आणि डोमेन सर्व्हर चालूच होत नाहीये, तर काय कराल? कार्यशाळेत हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, "हार्डवेअरवाल्याला फोन लावू." बरं, आणि तो गावाला गेला असेल तर?

ज्यांना डोमेन सर्व्हर ही भानगड नवीन आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑफिसात कोण कोण आहे, कोणाचा पासवर्ड काय, अकाउंट्सचं फोल्डर कोणी उघडायचं आणि कोणी नाही, हे सगळं एका सर्व्हरवर नोंदलेलं असतं. हजेरीचं मस्टर आणि चाव्यांचा जुडगा, दोन्ही एकाच कपाटात. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत ॲक्टिव्ह डिरेक्टरी. ती बंद पडली तर काही मशीन जुन्या आठवणीवर तुम्हाला आत घेतीलही, पण फोल्डर आणि प्रिंटर तुम्हाला ओळखणार नाहीत.

आता न्हावा शेव्याची गोष्ट. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्यात मेर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि आपल्या जेएनपीटीमधलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. काम कागदावर, हाताने करायची वेळ आली. कंपनीला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

पण मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. मेर्स्ककडे डिरेक्टरीचे सुमारे १५० सर्व्हर होते, एकमेकांची नक्कल ठेवणारे. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशोब. सगळेच एकदम जातील हे कोणी धरलंच नव्हतं, आणि नेमकं तेच झालं. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का वाचला? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! लोडशेडिंगला इतकी वर्षं शिव्या घालणाऱ्या आपण महाराष्ट्रातल्यांनी हे दोनदा वाचावं. तिथला डेटा शेवटी माणसाहाती विमानाने इंग्लंडला न्यावा लागला.

एवढ्या मोठ्या कंपनीला विजेने वाचवलं. तुम्हाला कोण वाचवणार?

"सर, आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत," असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला काळजीच वाटते. दुसरा सर्व्हर हवाच, पहिला जळाला तर काम थांबत नाही. पण एकावर चुकून एखादा अख्खा विभाग डिलीट झाला, तर तो थोड्याच वेळात दुसऱ्यावरूनही जातो, कारण नक्कल करणं हेच त्याचं काम. यावर रिसायकल बिनची सोय आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. तुमच्याकडे चालू आहे का? आजच विचारा.

माझ्या ओळखीचे एक पॅकेजिंगवाले आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, सहकारनगर भागात घुसलं, तेव्हा त्यांचं ऑफिस तळमजल्यावर होतं आणि सर्व्हर टेबलाखाली. दिवाळीच्या मिठाईच्या बॉक्सच्या ऑर्डरी तोंडावर. फायलींची हार्डडिस्क ते रोज घरी नेत, म्हणून निर्धास्त होते. नवा सर्व्हर आला, डोमेनला तेच जुनं नाव दिलं, फायली टाकल्या. एकही फोल्डर उघडेना! कारण नाव तेच असलं तरी सिस्टिमच्या दृष्टीने डोमेन नवं, प्रत्येक माणसाचा आतला ओळख क्रमांक नवा. एकेक मशीन पुन्हा जोडायची, एकेकाचा हक्क पुन्हा द्यायचा. त्यात आठवडा गेला आणि एक जुनं गिऱ्हाईक कायमचं गेलं. त्यांनी फायलींचा बॅकअप घेतला होता, डिरेक्टरीचा नाही. त्याला 'सिस्टिम स्टेट' बॅकअप म्हणतात, तो वेगळा सांगावा लागतो.

तो बॅकअपही शिळा चालत नाही. साधारण १८० दिवसांपेक्षा जुना असेल तर डिरेक्टरी तो स्वीकारत नाही. आणि डिस्क कायम सर्व्हरलाच लावलेली असेल तर खंडणीवाला व्हायरस तिलाही सोडणार नाही. एक प्रत तारेपासून तोडलेली, दुसऱ्या जागी ठेवायची.

माझं स्पष्ट मत सांगतो, काही विक्रेत्यांना आवडणार नाही. पाच-सात माणसांच्या ऑफिसला डोमेन सर्व्हरची बहुधा गरजच नसते. क्लाउडवर चालेल. फक्त तिथेही ॲडमिन एकटाच ठेवू नका. त्याचा मोबाइल हरवला आणि ओटीपी येईना, की मालकच दाराबाहेर.

सर्व्हर ठेवणारच असाल तर एक पासवर्ड मालकाकडे हवा. सर्व्हर बसवताना रिस्टोअर मोडचा, म्हणजे डीएसआरएमचा पासवर्ड टाकावा लागतो. तो तेव्हा बहुधा हार्डवेअरवालाच टाकतो आणि नंतर त्यालाही आठवत नाही. नवा टाकून घ्या, कागदावर लिहा, पाकिटात घालून घरच्या कपाटात ठेवा. कॉम्प्युटरमध्ये नको, तोच तर बंद असणार आहे.

आणि भोसरी-चाकणवाल्यांनो, गुरुवारी तुमची सुट्टी असते, तीच वापरा. एक जुनं मशीन घ्या, नेटवर्कची वायर काढा, त्यावर बॅकअप चढवून पाहा. वायर काढायची विसरू नका, नाहीतर चालू सर्व्हरशी गोंधळ होईल. किती तास लागले ते लिहून ठेवा. पहिल्यांदा जमणार नाही, बहुतेकांना जमत नाही. काय अडलं ते त्याच पाकिटातल्या कागदावर लिहा आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा बसा.