नळी आज हवी का?

झरी-जामणी, उमरखेडपासूनचे रुग्ण यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतात. अत्यवस्थ रुग्णाला बऱ्याचदा लघवीची नळी घालावीच लागते. पण ती आत राहिलेल्या प्रत्येक दिवसामागे जंतुसंसर्गाचा धोका साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो, आणि गरज संपली तरी नळी काढायचे कुणाच्या लक्षात येत नाही.

हे टाळायला प्रशिक्षण हवे; पण परिचारिकांचे प्रशिक्षण म्हटले की आपल्याकडे दीपप्रज्वलन, भाषणे आणि प्रमाणपत्रे! शिकवायचे ते वॉर्डात शिकवा. एक्स-रेला नेताना लघवीची पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते; साचलेली लघवी उलटी मूत्राशयाकडे फिरते. पिशवी कमरेखाली हवी, मात्र फरशीला टेकता कामा नये. ती रिकामी करतो बहुधा रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ. हात धुणे, तोटी भांड्याला न टेकवणे हे सिस्टरने त्यालाही दाखवायला हवे.

नळीमुळे होणारा संसर्ग रोखण्यासाठी अमेरिकेतल्या ६०३ रुग्णालयांत झालेल्या, प्रशिक्षणाचाही समावेश असलेल्या मोहिमेचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण वॉर्डांत हा संसर्ग सुमारे ३२ टक्क्यांनी घटला. अतिदक्षता विभागात मात्र फारसा फरक पडला नाही. तेव्हा प्रशिक्षण म्हणजे रामबाण नव्हे. ठरलेल्या निकषांनुसार नळी काढण्याचा लेखी अधिकार सिस्टरला द्या, केसपेपरवर नळी घातल्याची तारीख ठळक लिहा. आणि एकाच सिस्टरवर अख्खी रात्रपाळी सोपवून तिच्याकडूनच हात धुण्याचा हिशेब मागू नका. आधी रिक्त पदे भरा.