मांस थंड करावे, पण घाईने नव्हे

वाराणसी असो वा पुणे, नुकतेच कापलेले मटण सर्वोत्तम, अशी ग्राहकाची समजूत असते. मऊपणाचे शास्त्र मात्र वेगळे आहे. कत्तलीनंतर स्नायूतील ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल बनते, सामू सुमारे ७ वरून ५.५ च्या आसपास उतरतो आणि ऊर्जा संपताच स्नायू ताठरतो. पुढे कॅल्पेनसारखी विकरे त्याचे तंतू सैल करतात. त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

उन्हाळ्यात पारा ४० अंशांपार जाणाऱ्या काशीत जंतूंना रोखण्यासाठी शीतकरण अटळ आहे. परंतु केवळ शीतगृह बांधून भागणार नाही. ताठरण्यापूर्वीच स्नायू फार थंड झाला तर तो आखडतो आणि मांस चिवट होते. न्यूझीलंडच्या लॉकर व हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये दाखवले की १४ ते १९ अंशांदरम्यान हे आकुंचन सर्वांत कमी असते. बोकडाचे धड लहान, चरबीचा थर पातळ. ते झटकन गार होते, म्हणून धोका अधिक. आधी सामू उतरू द्यावा, मग थंडी वाढवावी. विद्युत उद्दीपनाने हा काळ कमी करता येतो.

निर्यातीच्या म्हशीच्या मांसाबाबत लाळ्या-खुरकुत रोगाच्या विषाणूपायी २४ तासांचे परिपक्वन आणि ६ पेक्षा कमी सामू यांचा आग्रह धरला जातो. स्थानिक ग्राहकासाठी अशी मोजणी का नसावी? काशी हिंदू विद्यापीठाची पशुवैद्यक विद्याशाखा शेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यात बरकछा येथे आहे. गल्लीतील खाटकाच्या दुकानापर्यंत तापमापक व सामूमापक पोहोचवणे, हेही विज्ञानाचेच काम आहे.