जगातल्या सर्वोत्तम आइस हॉकीपटूने पगारवाढ का घेतली नाही? 'सॅलरी कॅप'चं गणित काय सांगतं?

कॉनर मॅकडेव्हिड हा सध्याच्या घडीचा जगातला सर्वोत्तम आइस हॉकीपटू मानला जातो. नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएलमध्ये हंगामात सर्वाधिक गुण मिळवल्याचा पुरस्कार त्याने पाच वेळा घेतला आहे आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब तीन वेळा. कॅनडातल्या एडमंटन ऑयलर्स या संघाचा तो कर्णधार आहे.

२०१७ मध्ये त्याने ऑयलर्ससोबत आठ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला होता. म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी २५ लाख डॉलर, आजच्या हिशोबाने सुमारे ११० कोटी रुपये. हा करार २०२६ च्या उन्हाळ्यात संपणार होता. त्यामुळे नवा करार किती विक्रमी असेल, याचीच चर्चा गेलं वर्षभर सुरू होती.

६ ऑक्टोबर २०२५ ला आकडा जाहीर झाला, तेव्हा अनेकांनी तो दोनदा वाचला असेल. फक्त दोन वर्षं आणि वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलर. एका डॉलरचीही वाढ नाही.

त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी मिनेसोटा वाइल्डच्या किरिल काप्रिझोवने वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार केला होता. काप्रिझोव उत्तम खेळाडू आहे, पण तो मॅकडेव्हिडपेक्षा सरस आहे असं मिनेसोटाचे चाहतेही म्हणणार नाहीत. मग असं का झालं?

'कॅप' म्हणजे काय?

एनएचएलमध्ये प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा, याची कमाल मर्यादा ठरलेली असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याला ही रेषा ओलांडता येत नाही.

ही मर्यादा सहजासहजी आली नाही. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला. त्यानंतर २००५-०६ मध्ये ३ कोटी ९० लाख डॉलरची पहिली मर्यादा लागू झाली. आज लीगच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा आणि निम्मा मालकांचा, असा करार आहे. मर्यादाही त्याच हिशोबाने ठरते. ती २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाख डॉलर आहे.

आयपीएल पाहणाऱ्यांना हे गणित नवं नाही. २०२५ च्या मेगा लिलावाआधी प्रत्येक संघाच्या पर्समध्ये १२० कोटी रुपये होते. मुंबई इंडियन्सने बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक या पाच जणांना राखलं आणि तिथेच ७५ कोटी संपले. उरलेल्या ४५ कोटींत बाकी संघ उभा करायचा होता. बुमराहला १८ कोटी, रोहितला १६ कोटी ३० लाख, तिलकला ८ कोटी अशी वाटणी झाली होती. एकाला दोन कोटी जास्त द्यायचे, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतात.

एनएचएलमध्ये हा पेच आणखी अवघड आहे, कारण इथे करार सात-आठ वर्षांचे असतात. आज चुकीचा आकडा लिहिला, तर तो पुढची सात वर्षं गळ्यात राहतो.

ब्रोबर्ग आणि हॉलोवेचा धडा

मॅकडेव्हिडचा निर्णय समजून घ्यायचा, तर ऑगस्ट २०२४ मध्ये एडमंटनमध्ये काय घडलं ते पाहायला हवं.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑयलर्स स्टॅनली कपच्या फायनलमध्ये फ्लोरिडा पँथर्सकडून सातव्या सामन्यात २-१ ने हरले होते. मालिकेत ०-३ असे मागे पडूनही त्यांनी बरोबरी साधली होती. मॅकडेव्हिड हरलेल्या संघात होता, तरी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. संघाने १९९० नंतर कप जिंकलेला नाही, आणि १९९३ च्या मॉन्ट्रियलनंतर कॅनडातल्या कुठल्याच संघाने जिंकलेला नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी तरी, अशी सगळ्यांची आशा होती.

पण दोन महिन्यांतच सेंट लुईस ब्लूजने ऑयलर्सच्या दोन तरुण खेळाडूंना थेट प्रस्ताव दिला. बचावपटू फिलिप ब्रोबर्गला वर्षाला सुमारे ४५ लाख ८० हजार डॉलर आणि फॉरवर्ड डिलन हॉलोवेला सुमारे २२ लाख ९० हजार. नियम असा की, मूळ संघाने सात दिवसांत तेवढीच रक्कम दिली तर खेळाडू तिथेच राहतो, नाहीतर जातो आणि मोबदल्यात ड्राफ्टमधली निवड मिळते. ऑयलर्सनी स्वतः ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडून घडवलेले हे खेळाडू होते. पण मर्यादेखाली जागाच उरली नव्हती. दोघेही गेले. हॉलोवेने पुढच्याच हंगामात सेंट लुईससाठी ६० हून अधिक गुण मिळवले.

२०२५ मध्ये ऑयलर्स पुन्हा फायनलला पोहोचले आणि पुन्हा पँथर्सकडूनच हरले.

आता एक वजाबाकी करून पाहा. काप्रिझोवचे १ कोटी ७० लाख वजा मॅकडेव्हिडचे १ कोटी २५ लाख. उरतात ४५ लाख डॉलर. जवळपास तेवढ्याच रकमेसाठी ब्रोबर्ग हातचा गेला होता. मॅकडेव्हिडने 'सोडलेल्या' पैशाची किंमत अशी एका पूर्ण खेळाडूची आहे.

ऑयलर्सच्या तिजोरीत उरतं काय?

पगारवाढ न घेताही हिशोब तंगच आहे. मॅकडेव्हिडचा जोडीदार लिऑन ड्रायसायटल वर्षाला १ कोटी ४० लाख घेतो, म्हणजे कर्णधारापेक्षाही जास्त. बचावपटू इव्हान बुशार्ड १ कोटी ५ लाख आणि डार्नेल नर्स ९२ लाख ५० हजार. या चौघांचे मिळून ४ कोटी ६२ लाख ५० हजार डॉलर होतात. २०२६-२७ ची मर्यादा धरली, तरी ४४ टक्के रक्कम चार जणांवरच संपते. २३ जणांच्या चमूतल्या उरलेल्या १९ जणांना बाकीचे पैसे वाटून घ्यायचे.

मॅकडेव्हिडच्या कराराच्या सुमारास अनुभवी बचावपटू मॅटियास एकहोमनेही आपला आकडा वर्षाला सुमारे ६० लाखांवरून ४० लाखांवर आणला. जेक वॉलमनला सात वर्षांसाठी ७० लाखांचा करार मिळाला. कर्णधारानेच हात आखडता घेतल्यावर इतरांशी घासाघीस करणं व्यवस्थापनाला सोपं जातं, हे वेगळं सांगायला नको.

उलट बाजू टोरांटोने दाखवली. २०१८ आणि २०१९ मध्ये मेपल लीफ्सने टवारेस, मॅथ्यूज, मार्नर आणि नायलँडर या चौघांना मिळून वर्षाला ४ कोटींहून अधिक डॉलर दिले. मर्यादा वाढत जाईल, असा त्यांचा अंदाज होता. मग कोरोना आला आणि मर्यादा सलग तीन हंगाम ८ कोटी १५ लाखांवर गोठली. जवळपास निम्मे पैसे चौघांत अडकले. त्या काळात या संघाने प्लेऑफच्या जेमतेम दोन मालिका जिंकल्या, आणि जुलै २०२५ मध्ये मार्नर वेगासला निघून गेला.

फ्लोरिडाचं उदाहरण अनेकदा दिलं जातं. बार्कोव १ कोटी, टकाचक ९५ लाख, रेनहार्ट ८६ लाखांच्या आसपास. इतके चांगले खेळाडू इतक्या कमी रकमेत कसे? कप जिंकण्याची संधी हे एक उत्तर आहे. दुसरं असं की, फ्लोरिडा राज्यात वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. तिथले ९५ लाख हातात पडताना कॅनडातल्या ९५ लाखांपेक्षा बरेच जास्त असतात. मर्यादा सगळ्यांना सारखी, कर मात्र सारखा नाही. ही तक्रार कॅनडातले संघ वर्षानुवर्षं करत आहेत, आणि ती रास्तच आहे.

मग हा त्याग आहे का?

समाजमाध्यमांवर या कराराचं वर्णन 'निःस्वार्थ' असं झालं. ते अर्धंच खरं आहे.

मॅकडेव्हिडला आठ वर्षं घेता आली असती. एका खेळाडूला मर्यादेच्या २० टक्क्यांपर्यंत पगार देता येतो, म्हणजे करार झाला त्या हंगामाच्या हिशोबाने १ कोटी ९१ लाखांपर्यंत. ते त्याने घेतलं नाही. पण आठ वर्षांची हमीही त्याने संघाला दिली नाही. दोन वर्षांचा करार ही व्यवस्थापनाला दिलेली मुदत आहे. पैसे मोकळे करून दिलेत, आता त्यातून कप जिंकणारा संघ बांधून दाखवा, नाहीतर दरवाजा उघडा आहे. ज्या शहराने १९८८ मध्ये वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला जाताना पाहिलं, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय मर्यादा वाढते आहे. २०१७ मध्ये करार झाला तेव्हा १ कोटी २५ लाख हे तत्कालीन मर्यादेच्या सुमारे १७ टक्के होते. २०२७-२८ मध्ये तोच आकडा ११ टक्के असेल. म्हणजे 'वाढ नाही' असं म्हणताना प्रत्यक्षात त्याच्या वाट्यात मोठी घट झालेली आहे. पण २०२८ मध्ये ११ कोटी ३५ लाखांच्याही पुढच्या मर्यादेवर तो नव्याने बोली लावू शकेल. तेव्हा त्याचं वय ३१ असेल. गंभीर दुखापत झाली नाही, तर सोडलेल्या पैशांतला बराचसा भाग तो तेव्हा वसूल करू शकतो. धोका आहे तो त्या 'नाही तर'मध्ये.

नियमानुसार १ जुलै २०२७ पासून ऑयलर्सना त्याच्याशी पुढच्या कराराची बोलणी करता येतील. तोवर नवा सामूहिक करार लागू झालेला असेल आणि आपल्याच खेळाडूला देता येणारी कमाल मुदत आठऐवजी सात वर्षांची असेल. तेव्हाही सही झाली नाही, तर १ जुलै २०२८ ला मॅकडेव्हिड मोकळा होईल. टोरांटोच्या ऑस्टन मॅथ्यूजचा करारही त्याच उन्हाळ्यात संपतो आहे.