नैराश्य, हृदयविकार आणि ‘दुबळ्या मना’चा सिद्धांत

कामगाराच्या छातीत कळ आली की भांडवली वृत्तपत्रांतील आरोग्य-सदरे त्याला तीन प्रश्न विचारतात: विडी ओढतोस का, तेलकट खातोस का, आणि इतकी चिंता का करतोस? पहिले दोन प्रश्न रास्त आहेत. तिसरा मात्र प्रश्न नसून आरोप आहे. चिंता हा जणू स्वभावदोष आहे आणि व्यवस्थापनाने भरविलेल्या ‘ताणमुक्ती’ शिबिरात तो दूर होईल, असे त्यात गृहीत धरलेले असते. या सिद्धांताचा समाचार घेणे अगत्याचे आहे. कारण खेदाची गोष्ट अशी की, त्याचाच एक अवतार कामगार चळवळीतही वावरत असतो.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. संकट दिसताच मेंदूच्या आज्ञेने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायूंना साखर मिळते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. तीव्र नैराश्याच्या पुष्कळ रुग्णांत मात्र तसे होत नाही. कॉर्टिसॉलला आवर घालणारी यंत्रणाच शिथिल झालेली असते. परिणामी रक्तदाब व रक्तशर्करा वाढण्याकडे कल राहतो, पोटाभोवती चरबी साठते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. ज्याला ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणून हिणविले जाते, ती अशी मोजता येणारी भौतिक प्रक्रिया आहे. माँट्रियल येथे हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात (१९९३) असे आढळले की, हृदयाच्या स्थितीतील फरक हिशेबात धरूनही नैराश्यग्रस्तांना पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका सुमारे चौपट होता.

परंतु हा ताण येतो कोठून? ‘हृदयविकार हा साहेबांचा रोग’ ही समजूत ब्रिटिश सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहणीने धुळीला मिळविली. १९६७ साली सुरू झालेल्या या पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांनी या तफावतीचा निम्माही उलगडा होईना. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते. स्वतःच्या कामावर ज्यांची सत्ता कमी, त्यांना हृदयविकार अधिक, असे तीत दिसून आले. त्यांतील एका खात्याचे खासगीकरण होणार हे कळताच, नोकरी जाण्यापूर्वीच, तेथील पुरुषांचे प्रकृतिमान इतरांच्या तुलनेने खालावले. बडतर्फीचा कागद हाती पडण्याआधी तिची भीती देहात शिरते, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

येथे सावधही राहिले पाहिजे. ‘ताण’ या शब्दाचा भांडवलाने स्वतःसाठीही उपयोग करून घेतला आहे. अमेरिकेतील खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची जी अंतर्गत कागदपत्रे उघड झाली, त्यांवरून दिसते की तणाव-संशोधनाचे अध्वर्यू हान्स सेल्ये यांना, तसेच उतावळ्या ‘टाइप ए’ स्वभावाला हृदयविकारास जबाबदार धरणाऱ्या संशोधनालाही, या कंपन्यांनी पैसा पुरविला होता. हेतू उघड होता: दोष सिगारेटचा नव्हे, ओढणाऱ्याच्या स्वभावाचा! म्हणून ताणाचे नाव घेताना तंबाखूला निर्दोष ठरविणे ही शत्रूचीच भाषा होय.

आता चळवळीतील समजुतीकडे वळू. ‘नैराश्य हा मध्यमवर्गीयांचा चोचला’ असे काही कार्यकर्ते म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने या म्हणण्यातील हवा काढून घेतली आहे. मानसिक आजारांचा भार अल्प उत्पन्नगटांवर अधिक पडतो आणि नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे त्यात आढळले. दुसरी समजूत अधिक ‘क्रांतिकारी’ भासते: व्यवस्था बदलेल तेव्हा रोगही जाईल, तोवर थांबा. पण हृदय थांबत नाही. व्यवस्थेने घडविलेला क्षयरोग आपण औषधावाचून ठेवत नाही. मग नैराश्यालाच निराळा न्याय का?

अर्थात वैद्यकाकडून चमत्काराची अपेक्षाही नको. अमेरिकेत २,४८१ हृदयरुग्णांवर झालेल्या प्रयोगात (२००३) मानसोपचाराने नैराश्य काहीसे ओसरले, पण मृत्यू वा पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. यावरून उपचार निरर्थक ठरत नाहीत. नैराश्यातून सुटका हीच मोलाची आहे. मात्र रुग्णाला तासभर धीर देऊन पुन्हा त्याच कंत्राटी असुरक्षिततेत ढकलून देणे म्हणजे इलाज नव्हे, इतका बोध त्यातून घेणे प्राप्त आहे.

तेव्हा लढा दोन्ही आघाड्यांवर दिला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे बंधनकारक केले. त्याची अंमलबजावणी युनियनांनी पदरात पाडून घ्यावी. कामगार विमा रुग्णालयांत प्रत्येक हृदयरुग्णाची नैराश्यासाठी तपासणी व्हावी. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतील कळविण्यायोग्य रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे; कामाच्या ताणातून जडणाऱ्या विकारांचा मात्र तीत पत्ता नाही. तो प्रश्न कामाचा वेग, पाळ्या व कंत्राटी पद्धत यांच्याबरोबर मागणीपत्रकात आलाच पाहिजे. आणि जो सहकारी सभांना येईनासा झाला, ज्याची झोप उडाली, ज्याचे अन्नावरचे मन उडाले, त्याच्या निष्ठेची उलटतपासणी करण्यापूर्वी त्याला डॉक्टरकडे न्यावे. वर्गबंधुत्वाचा अर्थ एवढा तरी असलाच पाहिजे.